साखळी नको, मग घ्यायचं काय? श्वान प्रशिक्षणाच्या धंद्याची पहिली खरेदी



"मॅडम, डॉग ट्रेनिंगचं काम सुरू करायचं म्हणतो. ऑनलाइन एक पूर्ण सेट दिसतोय, पंचवीस हजारांचा. घेऊन टाकू का?"

हा प्रश्न वाशीमहून येतो, कारंजाहून येतो, रिसोडहून येतो. विचारणारा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला असतो. घरचा लॅब्राडोर त्याने छान शिकवलेला असतो, कॉलनीतले लोक "आमच्याही कुत्र्याला शिकव ना" म्हणायला लागलेले असतात. म्हणजे हात चांगला आहे, मागणीही थोडीफार आहे. अडतं ते पहिल्या खरेदीत. सेटमध्ये उडी मारायचे अडथळे, बोगदा, लोखंडी पिंजरा, साखळ्या, रिंगा असं सगळं असतं. पण गिऱ्हाईक आपल्याला बोलावतं ते कशासाठी? कुत्रं दोरी ओढतं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं, हाक मारली की येत नाही. या तीन तक्रारींसाठी बोगदा लागत नाही.

म्हणून आज फक्त सामानावर बोलू. बक्षीस देऊन शिकवण्याच्या पद्धतीत कोणती वस्तू काय काम करते, कोणती आधी घ्यायची, कोणती घ्यायचीच नाही, आणि आपल्या भागात काय चालतं.

सामानाची तीनच कामं

पद्धत एका ओळीत अशी: कुत्र्याने हवं ते केलं की त्या क्षणी त्याला कळवायचं, आणि लगेच त्याला आवडणारं काहीतरी द्यायचं. ज्या वागण्यातून फायदा होतो ते वागणं वाढतं. दुकानदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्या दुकानात माप चोख मिळतं तिथे गिऱ्हाईक परत येतं, तसंच.

मग सामानाची कामं उरतात तीन. एक, तो क्षण कळवणं. दोन, बक्षीस पटकन पोचवणं. तीन, शिकेपर्यंत कुत्रं आणि माणसं दोघांनाही सुरक्षित ठेवणं. कोणतीही वस्तू हातात घेतली की विचारायचं, ही या तीनपैकी कोणतं काम करते? उत्तर "कुत्र्याला दुखवून थांबवते" असं आलं तर ती या पद्धतीची वस्तू नाही. उत्तरच आलं नाही तर ती शोभेची आहे, धंदा जमल्यावर बघू.

टिकटिक

क्लिकर म्हणजे दाबल्यावर "टिक" वाजणारी छोटी डबी. जत्रेत पत्र्याचा टिकटिक बेडूक मिळायचा ना, तेच तंत्र. गंमत म्हणजे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली जनावरांना कसं शिकवावं यावर एक लेख लिहिला, त्यात असलंच टिकटिक खेळणं वापरायला सुचवलं होतं. पुढे डॉल्फिनना शिट्टीवर शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकातून ही पद्धत कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून ओढता येत नाही, म्हणून तिथे शिट्टी आणि मासळी याशिवाय इलाजच नव्हता.

क्लिकरचा फायदा एकच, पण मोठा: आवाज दर वेळी सारखा. आपण "शाब्बास" म्हणतो तेव्हा आज खुशीत, उद्या दमलेल्या आवाजात, परवा फोनवर बोलता बोलता. शिवाय "शाब्बास" उच्चारेपर्यंत बसलेलं कुत्रं उठलेलं असतं, आणि मग बक्षीस उठण्याला मिळतं.

क्लिकर घेताना महाग-स्वस्त बघू नका, बटण बघा. अंगठ्याने न बघता दाबता आलं पाहिजे आणि मनगटात अडकवायला दोरी पाहिजे. काही कुत्री त्या आवाजाला दचकतात, खास करून दिवाळीत फटाक्यांना घाबरलेली. त्यांच्यासाठी क्लिकर रुमालात गुंडाळा किंवा बॉलपेनचं खटक बटण वापरा. तेही नको असेल तर एकच छोटा शब्द पक्का करा. "हां" चालतो. पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आजी "गुणाचा गं" म्हणणार, पोरगा "गुड बॉय" म्हणणार, असं झालं की कुत्र्याच्या डोक्यात गोंधळ.

सुरुवातीला टिक वाजवायची आणि एक-दोन सेकंदात खाऊ द्यायचा, असं पंधरा-वीस वेळा. टिक वाजली की कुत्रं मान वळवून तुमच्याकडे बघायला लागलं, म्हणजे त्याला अर्थ कळला. त्यानंतर शिकवायला सुरुवात. एक बैठक तीन ते पाच मिनिटांची.

खाऊ आणि खाऊची पिशवी

मला विचाराल तर सगळ्या सामानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कमरेची पिशवी आहे. लोक यालाच सगळ्यात कमी किंमत देतात. खाऊ पँटच्या खिशात असेल तर हात आत जाणार, प्लास्टिक चुरचुरणार, कुत्रं शिकायचं सोडून खिशाकडे बघणार. आणि टिक वाजल्यापासून बक्षीस पोचायला पाच-सहा सेकंद लागले की एवढ्या वेळात त्याने दुसऱ्या तीन गोष्टी केलेल्या असतात.

पिशवी अशी हवी: तोंड उघडं राहणारं, अख्खा हात आत जाणारा, आतून धुता येणारं कापड, कमरेला घट्ट. ऑनलाइन मिळते, पण आपल्या गावातला बॅग शिवणारा कारागीर छत्रीच्या कापडाचं अस्तर लावून उत्तम शिवून देतो. तोंडात थोडी जाड तार घाला म्हणजे उघडं राहतं. दोन शिवा, एक धुवायला टाकता येते. मांसाचा किंवा पनीरचा वास दुसऱ्या दिवशी काय होतो ते आपल्या उन्हाळ्यात सांगायला नको.

आता खाऊ. तुकडा केवढा? हरभऱ्याच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नाही. कुत्रं चावत बसलं की लय तुटते. अर्ध्या ग्रॅमचा तुकडा धरला तर शंभर ग्रॅममध्ये दोनशे तुकडे होतात, म्हणजे दोनशे वेळा शिकवायची संधी. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, हे बहुतेक कुत्र्यांसाठी पहिल्या नंबरचं. पण आपल्या जिल्ह्यात शाकाहारी घरं भरपूर. कारंजात जैन कुटुंबाच्या घरी कामाला गेलात आणि पिशवीतून चिकन काढलंत, तर त्या गल्लीतलं तुमचं काम तिथेच संपलं. फोनवरच विचारून घ्यायचं. पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, उकडून पिळलेल्या सोयाबीन वड्यांचे तुकडे हे चालतं. सोयाबीन तर आपल्या घरचंच.

बिस्किट मी सांगत नाही. साखर असते, भुगा पडतो आणि कुत्रं भुगा हुंगत बसतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषारी ठरू शकतं. प्रसादातले बेदाणे प्रेमाने भरवणारे लोक आहेत, त्यांना स्पष्ट सांगा. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम तर घरात उघडं ठेवूच नका म्हणावं. आणि बक्षिसाचा खाऊ दिवसभराच्या आहाराच्या साधारण दहा टक्क्यांत बसला पाहिजे. शिकवणीच्या दिवशी जेवण थोडं कमी, हे मालकाला लिहून द्या, नाहीतर दोन महिन्यांनी कुत्रं हुशार होईल आणि गोलही.

सगळ्यांनाच खाऊ हवा असतो असं नाही. काहींना चेंडू किंवा दोरीची ओढाओढी जास्त प्यारी. तिथे जुन्या सुती साडीची घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठी. झालं खेळणं. चेंडू मात्र कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढा मोठा घ्या. लॅब्राडोरच्या तोंडात लहान रबरी चेंडू देणं धोक्याचं आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. "खाऊ-खेळण्यावर शिकलेलं कुत्रं लाडावतं. पोलिसांची कुत्री बघा, शिस्त बघा." अवश्य बघा. मुंबई पोलिसांचा जंजीर आठवतो का? पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला लॅब्राडोर, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ज्याने आरडीएक्स, हातबॉम्ब, डिटोनेटर शोधून काढले. वास घेऊन स्फोटक किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांचं काम मुळात खेळावर उभं असतं. ठरलेला वास सापडला, इशारा दिला, की लाडका चेंडू मिळतो. कुत्र्याला आरडीएक्सशी देणंघेणं नसतं, त्याला चेंडू हवा असतो. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे वन्यजीवांची शिकार आणि तस्करी पकडण्यासाठीही कुत्री तयार होतात. अशा कुत्र्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, आणि त्याचा पगार चेंडूच असतो.

गळपट्टा, हार्नेस आणि आपली कारवानी

साधा रुंद गळपट्टा प्रत्येक कुत्र्याला हवाच, नाव आणि मालकाचा फोन नंबर लावायला. पट्ट्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पण दोरी लावायला मी हार्नेस सांगते, विशेषतः पोमेरेनियन आणि पगसारख्या लहान कुत्र्यांना. पोमेरेनियनसारख्या जातींत श्वासनलिका नाजूक असते. गळ्यावर ओढ बसली की खोकला सुरू होतो.

हार्नेस घेताना पुढून बघा. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार असेल आणि खांदे मोकळे असतील तर चांगला. छातीवरून आडवा पट्टा जाणारा दिसायला झकास असतो, पण पुढचा पाय मोकळा टाकू देत नाही. कडी दोन ठिकाणी हवी: पाठीवर एक, छातीवर एक. ओढणाऱ्या कुत्र्याला दोरी छातीच्या कडीत लावली की ते ओढताना बाजूला वळतं, ओढण्यातली ताकद मोडते. मात्र गिऱ्हाइकाला खोटं सांगू नका. हार्नेसने ओढणं थांबत नाही, फक्त शिकवायला सवड मिळते. दोरी सैल असताना बक्षीस, ताणली की आपण उभे, हे रोज दहा मिनिटं मालकालाच करावं लागतं.

आता आपल्याकडची खास अडचण. मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली कारवानी, पश्मी, मुधोळ ही शिकारी कुत्री आपल्या भागात शेतावर दिसतात. सडपातळ, लांब मान, आणि डोकं मानेपेक्षा फार मोठं नाही. साधा गळपट्टा सैल घातला तर मागे सरकून डोकं काढून घेतात, आणि एकदा पळालं की तुमची मोटारसायकलही मागे पडेल. घट्ट घातला तर गळा आवळतो. यांच्यासाठी मार्टिंगेल पट्टा असतो. त्यात दोन फासे असतात, एक मोठा गळ्याभोवती, एक छोटा दोरीला. कुत्रं मागे ओढलं की छोटा फास मोठ्याला आवळतो, पण ठरावीक मर्यादेपर्यंतच. माप बरोबर आहे का ते असं ओळखा: पूर्ण ओढल्यावर पट्टा मानेला नीट बसला पाहिजे, डोक्यावरून निघता कामा नये, आणि मोठ्या पट्ट्याच्या दोन्ही कड्या एकमेकींना भिडता कामा नयेत. भिडल्या तर पट्टा सैल आहे. हा पट्टा बांधून ठेवायला वापरायचा नाही, फक्त फिरवताना.

मुधोळची एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायला चांगली आहे. हे घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानाचं कुत्रं. २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यातही ते आहे. "आमचं गावठी कुत्रं काय शिकणार" म्हणणाऱ्या माणसाची मान ताठ होते. आणि साधं गावठी कुत्रंही तेवढंच शिकतं. खाऊसाठी तर ते जास्तच मन लावून काम करतं.

दोरी: सहा फूट आणि तीस फूट

रोजच्या फिरण्याला सहा फुटांची साधी दोरी, हातात धरायला मऊ, हुक मजबूत. हुक दाबून बघा, स्प्रिंग ढिली असेल तर दुकानदाराला परत द्या. हुक तुटून कुत्रं रस्त्यावर गेलं की गिऱ्हाईक हुकाला नाही, तुम्हाला विचारणार.

बटण दाबल्यावर गुंडाळली जाणारी दोरी प्रशिक्षणासाठी नको. ती कायम थोडी ताणलेली असते, म्हणजे "ओढलं की पुढे जाता येतं" हाच धडा कुत्र्याला रोज मिळतो. हातातून निसटली की प्लास्टिकचा डबा खडखडत मागे येतो आणि कुत्रं आणखी घाबरून पळतं.

हाक मारल्यावर येणं शिकवायला लांब दोरी लागते, पंधरा ते तीस फुटांची. आपल्या जिल्ह्यात ही वस्तू टाळून चालणार नाही. मोकळं रान जवळ, आणि रानात रोही, हरीण, रानडुक्कर. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या आसपासच्या शेतांत काळवीट दिसतात. अर्धवट शिकलेलं कुत्रं मोकळं सोडलं आणि ते काळविटाच्या मागे लागलं, तर प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापर्यंत जातो. शिवाय कुत्र्याला एकदा पळत्या हरणाची चटक लागली की तुमच्या पनीरची किंमत त्याच्या लेखी शून्य.

लांब दोरी नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावा, गळपट्ट्याला कधीच नाही. तीस फूट धावत आलेलं कुत्रं गळ्यावर हिसका खाऊन थांबलं तर मानेला इजा होते. दुसऱ्या टोकाला हाताचा फास ठेवू नका, झुडपात अडकतो. हातमोजे घाला, नायलॉन हात भाजतं. आणि माल कोणता? सुती दोरी हाताला छान, पण पावसाळ्यात काळ्या मातीत एकदा फिरवून आणा, मग कळेल. पाणी पिते, चिखल धरते, दोन किलोची होते. प्लास्टिकचा थर दिलेला पट्टा मिळतो, तो ओल्या फडक्याने पुसला की झालं. थोडा महाग आहे, पण काळ्या मातीत वसूल होतो.

पोळ्याच्या आधी बैलांचा साज, कासरे, म्होरक्या करणारे कारागीर आपल्या बाजारात असतातच. निवारीचा पट्टा, कडी आणि हुक दिला तर ते लीश आणि गळपट्टे शिवून देतात. त्यांची शिलाई कारखान्याच्या मालापेक्षा घट्ट असते असं माझं मत आहे. वर्षातले बाकीचे महिने त्यांच्याकडे कामही कमी असतं. या बाजूने कोणी स्वतंत्र धंदा म्हणून विचार केला तर वाईट नाही.

मुसकं

बैलाला पेरलेल्या पिकातून नेताना मुसकं बांधतो, त्यात आपल्याला काही क्रूर वाटत नाही. कुत्र्याचं मुसकं म्हटलं की मात्र मालक दुखावतो: "आमचं कुत्रं चावरं नाही हो." ज्याने कधी कुणाला धरलं आहे, किंवा जे डॉक्टरकडे गेल्यावर घाबरून दात दाखवतं, त्याला मुसकं लागतंच. ते टोपलीसारखं जाळीचं हवं. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, जाळीतून खाऊही घेता येतो. तोंड आवळणारं कापडी मुसकं फिरवायला वापरू नका. कुत्रं अंग थंड ठेवतं ते धापा टाकूनच, आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यात तोंड बंद केलेलं कुत्रं काही मिनिटांत उष्माघाताला जवळ येतं. मुसक्याची सवयही बक्षिसानेच लावायची. आत खाऊ ठेवा, त्याला स्वतःहून नाक घालू द्या, बंद बांधायची घाई आठवडाभर नको.

त्याच कारणासाठी शिकवणीची वेळ उन्हाळ्यात सकाळी लवकर. डांबरावर हाताचा पालथा पंजा पाच-सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसत नाही. पाण्याची बाटली आणि वाटी हे सामानातच धरा.

जे मी दुकानात ठेवत नाही

चोक चेन, आतून टोकं असलेला पट्टा आणि करंट देणारा पट्टा. मागणी आहे, मार्जिनही चांगलं आहे. तरी नाही.

कारण भावनेचं कमी आणि धंद्याचं जास्त आहे. गळ्याला फास बसला की कुत्रं त्या क्षणी थांबतं, म्हणून मालकाला वाटतं चमत्कार झाला. पण कुत्रं दुखण्याचा संबंध कशाशी लावेल ते तुमच्या हातात नसतं. समोरून शाळेचं पोर येत होतं, त्याच क्षणी गळा आवळला गेला. आता पोर दिसलं की गळा दुखतो, हे गणित त्याच्या डोक्यात बसलं तर पुढच्या महिन्यात ते पोरावर धावून जाईल. आणि त्या घरी "प्रशिक्षण" कोणी दिलं होतं? तुम्ही. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत सुचवली. वेल्समध्ये करंटच्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मारहाण तर गुन्हा मानतोच, पण अवाजवी आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवणंही गुन्हा मानतो. आणि जनावर सांभाळण्यातल्या निष्काळजीपणामुळे माणसाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे.

"साखळी नसेल तर ऐकणार कसं?" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. त्याच्याच कुत्र्याला त्याच्यासमोर पाच मिनिटांत नाकाने हाताला स्पर्श करायला शिकवून दाखवा. याला काहीच सामान लागत नाही. हात पुढे, कुत्रं हुंगायला आलं, टिक, खाऊ. बघता बघता कुत्रं हाताच्या मागे चालायला लागतं आणि मालक गप्प होतो. तरीही साखळीच हवी म्हणाला तर ते गिऱ्हाईक सोडा. एका गावात एक चावल्याची बातमी पुढची दहा कामं घालवते.

हिशेब

आता पैसे. खालचे दर फक्त हिशेब समजण्यापुरते धरलेत, तुमच्या बाजारात विचारून बदला.

दोन पिशव्यांची शिलाई ३००, तीन क्लिकर २४०, सहा फुटी दोरी २५०, लांब दोरी ५००, मध्यम आणि मोठ्या मापाचे दोन हार्नेस १४००, एक मार्टिंगेल ४००, दोन मापांची मुसकी ८००, पाण्याची वाटी-साबण-पट्टी-मलम ४००, शिंप्याचा टेप ३०. आणि दोन बारदानाची पोती ६०. पोती कशाला? "जागेवर जा" शिकवायला. पाहुणे आले की कुत्र्याने पोत्यावर जाऊन बसायचं, तिथेच खाऊ. उड्या मारणाऱ्या कुत्र्यावर यापेक्षा स्वस्त इलाज मला माहीत नाही. हे पोतं गिऱ्हाइकाच्या घरीही ठेवता येतं, वास तोच राहतो. एकूण झाले ४३८०.

समजा आठ भेटींचं पॅकेज, भेटीला ४०० रुपये, म्हणजे ३२००. खाऊ भेटीला ४० प्रमाणे ३२०, पेट्रोल ६० प्रमाणे ४८०. हातात राहिले २४००. म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शेवटी सामानाचे पैसे निघाले. तोच पंचवीस हजारांचा सेट घेतला असता तर अकरावं गिऱ्हाईक लागलं असतं. वाशीमसारख्या गावात नव्या माणसाला अकरा पूर्ण पॅकेज मिळायला किती महिने लागतील ते प्रामाणिकपणे मोजा. तोवर बोगदा गच्चीवर ऊन खात पडेल आणि हप्ता मात्र चालू.

सामान विकण्याचाही मोह होतो, आणि व्हायलाच हवा. गिऱ्हाइकाच्या घरी स्वतःची पिशवी, क्लिकर आणि हार्नेस नसेल तर तुम्ही गेल्यावर सराव होत नाही. पण साठा करू नका. हार्नेसची पाच मापं, तीन रंग, प्रत्येकी दोन म्हणजे तीस नग. ७०० ने २१,००० रुपये अडकले, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला नेमका सहावा माप हवा असतो. पहिल्या भेटीत तुमच्या दोन हार्नेसवर काम चालवा, माप घ्या, आगाऊ पैसे घ्या, मग मागवा. लांब दोरी विकण्याऐवजी अनामत घेऊन महिनाभर द्या. शिकून झाल्यावर ती बहुतेकांना लागत नाही आणि तुम्हाला पुढच्या घरी लागते.

जाण्याआधीचा फोन

फोनवर हे विचारून वहीत लिहा: वय, अंदाजे वजन, रेबीजची लस शेवटची कधी, कुणाला चावलं आहे का, घर शाकाहारी आहे का, खाण्यातलं सगळ्यात आवडतं काय. लसीच्या कार्डाचा फोटो मागवा. कार्ड नाही म्हटलं तर आधी पशुवैद्यकीय दवाखाना, मग आपली भेट. इथे सूट नाही. दात किंवा नख लागलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. सामानात साबण आहे तो यासाठी.

मापासाठी मालकाला सांगा, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीभोवती सुतळी गुंडाळा, जिथे भिडेल तिथे गाठ मारा. दुसरी सुतळी मानेभोवती, तिसरी कारवानीसारखं कुत्रं असेल तर कानांपाशी डोक्याच्या सगळ्यात रुंद भागाभोवती. मानेची आणि डोक्याची गाठ जवळजवळ सारखी आली तर मार्टिंगेल पिशवीत टाकून निघा. पुढच्या व्हिडिओत भेटीची फी कशी ठरवायची ते बघू, तोवर सुतळ्या जपून ठेवायला सांगा, ऑर्डर देताना त्याच टेपवर धरायच्या आहेत.